भूकंपाचे ठिकाण आणि भूमीच्या पोटातील वेग

विहिरीच्या तळाशी सुरुंग लावून जो मनुष्य अर्धा किलोमीटर दूर जाऊन बांधावर बसला आहे, त्यास एक गोष्ट शाळेत न जाताही ठाऊक असते. प्रथम बुडाखालची जमीन किंचित थरारते, आणि मग आवाज कानी पडतो. सुरुंग एकच, उडाला तोही एकाच क्षणी. परंतु आवाजास हवेतून यावयास सुमारे दीड सेकंद लागतो, आणि तोच धक्का काळ्या पाषाणातून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात येऊन पोहोचलेला असतो. हवेत वेग निराळा, खडकात निराळा. खडकातही मुरमात निराळा आणि अभंग पाषाणात निराळा. एवढी साधी गोष्ट ज्यास पटली, त्यास भूकंपाचे ठिकाण शास्त्रज्ञ कसे ठरवितात हे समजावयास फारशी अडचण पडू नये; आणि ते ठिकाण कधी कधी दहा-बारा किलोमीटरांनी का चुकते, हेही त्याच गोष्टीवरून उलगडते.

दहा-बारा किलोमीटरांची चूक म्हणजे काय मोठी, असे मुंबईच्या माणसास वाटेल. आम्हां धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यांस तसे वाटून चालणार नाही. १९९३ साली ह्याच अंतरावर एक मोठा प्रश्न अडला होता, आणि तो प्रश्न आपल्या शेताच्या पाण्याचा होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांच्या सुमारास जे झाले, ते ह्या भागात कोणास सांगावयास नको. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. दगडमातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी आपली घरे. ती झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव जगभर झाले, परंतु तेरणेच्या ह्या बाजूस सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावेही तशीच भुईसपाट झाली. ती तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा तालुक्याच्या मुलखातली. पुढे लोहारा तालुका निराळा झाला आणि अलीकडे जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ८,००० माणसे गेली. बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या हिशेबाने हा आकडा मध्यम होय. ह्याहून मोठे भूकंप दर वर्षी कोठे ना कोठे होतात आणि पुष्कळांची वार्ताही आपणांपर्यंत येत नाही. मग येथेच एवढा संहार का व्हावा? घरांचा दोष होताच. परंतु दुसरे कारण खोलीचे होते, आणि ते कळावयास वेळ लागला.

त्या पहाटे किल्लारीच्या जवळपास एकही भूकंपमापक यंत्र नव्हते. वस्तुतः आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीपासून, त्या भागात लहान धक्के जाणवत होते आणि १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चांगलाच बसला होता. तरीही हा मुलूख स्थिर समजला जात असे. भारतीय मानकाच्या त्या वेळच्या नकाशात तो पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. (२००२ च्या आवृत्तीत पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला आणि आपला भाग तिसऱ्यात गेला.) सबब, ज्या यंत्रांनी तो धक्का टिपला ती दूरची: पूर्वेस हैदराबाद, सुमारे २२० किलोमीटर, पश्चिमेस पुणे, सुमारे २९० किलोमीटर, आणि मग देशोदेशीची.

आता एवढ्या दूरच्या यंत्रावरून ठिकाण कसे काढतात ते पाहू. भूकंप झाला म्हणजे खडकातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली, जिला प्राथमिक लाट म्हणतात, ती खडकास पुढेमागे दाबीत व ताणीत जाते. दुसरी, दुय्यम लाट, खडकास आडवी हालवीत जाते. पहिली वेगवान, दुसरी मागून येणारी, परंतु अधिक जोराची. ह्या लाटा यंत्राच्या नोंदीत निरनिराळ्या ओळखून दाखविण्याचे श्रेय रिचर्ड ओल्डहॅम ह्यास दिले जाते. हा गृहस्थ भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होता, आणि १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास करताना त्यास हा भेद उमगला. आपल्या देशाच्या भूकंपाने जगास दिलेली ही एक मोठी गोष्ट होय.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून वीज किती दूर पडली हे आपण सांगतो. येथेही तोच हिशेब. खडकात प्राथमिक लाटेचा वेग सेकंदास ६ किलोमीटर आणि दुय्यम लाटेचा ३.५ किलोमीटर धरला, तर त्या दोहोंच्या येण्यात जितके सेकंद अंतर पडेल त्यांस ८.४ ने गुणिले म्हणजे भूकंपाचे अंतर निघते. हैदराबादेपर्यंतच्या २२० किलोमीटरांस पहिली लाट सुमारे ३६.७ सेकंद आणि दुसरी ६२.९ सेकंद घेईल, अंतर २६.२ सेकंदांचे. त्यास ८.४ ने गुणा, २२० येतात. हैदराबादेभोवती ह्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे, पुण्याभोवती तेथल्या त्रिज्येचे, तिसऱ्या एखाद्या स्थानकाभोवती आणखी एक. तिन्ही वर्तुळे जेथे एकमेकांस छेदतात तेथे भूकंप.

हे ऐकावयास फार सोपे वाटते. परंतु त्यात एक आकडा आम्ही हळूच गृहीत धरून चाललो, तो वेगाचा. समजा, वाटेतला खडक आपल्या कल्पनेहून किंचित मंद आहे. सेकंदास ६ च्या ऐवजी ५.८ आणि ३.५ च्या ऐवजी ३.३५ किलोमीटर. फरक पाच टक्क्यांहूनही कमी. तरी गुणक ८.४ चा ७.९ होतो, आणि त्याच २६.२ सेकंदांचे अंतर २२० न येता सुमारे २०८ किलोमीटर येते. यंत्र बिनचूक, घड्याळ बिनचूक, गणित बिनचूक. आणि उत्तर बारा किलोमीटरांनी वेगळे.

जमीनमोजणीची ३३ फुटांची साखळी ज्याने हाताळली आहे त्यास ह्यात नवल वाटणार नाही. कड्या झिजून साखळी फूटभर लांब झाली, तर मोजणारा कितीही प्रामाणिक असो, शेत दर साखळीस फूटभर कमी भरणार. आणि ही चूक एकाच दिशेची असते. दहा वेळा मोजले तरी ती मिटत नाही. भूकंपशास्त्रज्ञाची साखळी म्हणजे भूमीच्या पोटातील वेगांचा आराखडा. त्यात कोणत्या खोलीवर कोणता खडक आहे आणि त्यातून प्राथमिक व दुय्यम लाट किती वेगाने जाते, हे थराथराने मांडलेले असते.

आपल्या पायांखाली हे थर कसे आहेत? वरची काही हात माहिती प्रत्येक विहीर खोदणारास असते. काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कठीण काळा पाषाण, त्याखाली पुन्हा मऊ, सच्छिद्र खडक, कोठे कोठे दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, आणि पुन्हा पाषाण. लाव्हारसाचे लोट एकामागून एक वाहून थिजले, त्यांचे हे थर; ह्यांसच दख्खनचा ट्रॅप म्हणतात. कूपनलिका खोदताना एका शेतात साठ फुटांवर पाणी आणि शेजारच्या शेतात तीनशे फुटांवर नुसती धूळ, हा जो आपला नेहमीचा कपाळाला हात लावण्याचा प्रसंग, तो ह्या थरांच्याच लहरीचा. परंतु हे सारे झाले तरी वरचे साल होय. किल्लारीस भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यात ३३८ मीटर खोलीवर ट्रॅप संपला, त्याखाली सुमारे ८ मीटर जाडीचा जुन्या गाळाचा थर लागला, आणि मग पट्टेदार जुनाट खडक, ज्यास नाइस म्हणतात, तो सुरू झाला. आपल्या ट्रॅपची जाडी पूर्वेकडे कमी होत जाते. कोयनेजवळ रासाटी येथे ती ९३२ मीटर भरली, तर हैदराबादेस ट्रॅप मुळीच नाही, तेथे ग्रॅनाइटच उघडे पडले आहे.

ट्रॅपमध्ये प्राथमिक लाटेचा वेग सेकंदास सुमारे ५ किलोमीटर, खालच्या नाइसमध्ये ६ च्या आसपास. मऊ काळ्या मातीत तो एका किलोमीटराहूनही पुष्कळ कमी. येथे वाचकास असे वाटणे साहजिक आहे की सारी चूक ट्रॅपमुळेच होत असेल. तसे नव्हे. ३३८ मीटर ट्रॅप उभा ओलांडावयास लाटेस नाइसपेक्षा जास्तीचा जो वेळ लागतो, तो सेकंदाचा फार तर शंभरावा हिस्सा. दूरच्या स्थानकाच्या हिशेबात तो कोणी मोजीतही नाही. दहा मीटर काळी माती त्याहून अधिक घोटाळा करिते, म्हणूनच यंत्र नेहमी माती उकरून पक्क्या पाषाणावर बसवितात. मोठी चूक येते ती खालून, जेथे कोणाची पहार पोहोचली नाही तेथून.

पृथ्वीचे कवच आपल्या भागात सुमारे ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे. त्याखाली जो खडक आहे, त्यातून प्राथमिक लाट सेकंदास ८ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते. ही सीमा क्रोएशियातील आंद्रिया मोहोरोविचिच ह्याने शोधून काढिली. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबजवळ भूकंप झाला, तेव्हा काही स्थानकांवर प्राथमिक लाट एकदा न येता दोनदा आल्याचे त्यास आढळले. एक सरळ कवचातून आलेली. दुसरी खाली उतरून, वेगवान खडकाच्या काठाने धावून, पुन्हा वर आलेली. लोहाऱ्याच्या एखाद्या खेड्यातील मनुष्यास शेजारच्या गावी जावयाचे असेल तर तो पाणंदीनेच जाईल. परंतु हैदराबादेस जावयाचे असेल तर प्रथम वाट वाकडी करून उमरग्यास येईल आणि सोलापूर-हैदराबाद हमरस्ता धरील. आरंभी वेळ मोडतो, पण लांबच्या पल्ल्यात भरून निघतो. लाटेचेही तसेच. साधारण दोनशे किलोमीटरांच्या अलीकडे सरळ लाट प्रथम पोहोचते. त्यापलीकडे हमरस्त्याची लाट तिला मागे टाकते.

आता किल्लारीपासून हैदराबाद २२० आणि पुणे २९०. दोन्ही त्या उंबरठ्याच्या थोडी पलीकडे. कवच ३७ किलोमीटर जाड धरून हिशेब केला तर हैदराबादेस खालून आलेली लाट सरळ लाटेच्या सव्वा सेकंद आधी येते, पुण्यास सुमारे चार सेकंद आधी. ती दुबळी असते. नोंदीच्या रेघेत सहज नजरेतून सुटते. तिला सरळ लाट समजले किंवा तिच्याऐवजी मागची धरली, की चार सेकंदांचे चोवीस किलोमीटर झाले. म्हणून आराखड्यात कवचाची जाडी आणि त्याखालचा वेग हेही लागतात. नुसता एक सरासरी आकडा पुरत नाही.

वर्तुळे काढण्याची रीत आम्ही वर सांगितली ती समजुतीपुरती. प्रत्यक्षात गेली शंभराहून अधिक वर्षे गणिताची जी रीत चालते, ती लुडविग गायगर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१० साली दिली. प्रथम एक ठिकाण, एक खोली व एक वेळ अदमासाने धरावी. आराखड्यावरून प्रत्येक स्थानकी लाट केव्हा यावयास हवी होती ते काढावे. ती प्रत्यक्षात केव्हा आली ते नोंदीत पाहावे. दोहोंतील फरक ही त्या स्थानकाची बाकी. मग ठिकाण, खोली व वेळ थोडी थोडी सरकवून पुन्हा हिशेब मांडावा, आणि सर्व स्थानकांच्या बाक्या मिळून जेव्हा कमीत कमी होतील, तेव्हा थांबावे. सोसायटीचा चिटणीस वर्षअखेर खतावणी जुळवितो, त्यातलाच हा प्रकार. आणि चिटणिसास ठाऊक असलेला धोकाही येथे आहेच: दोन चुका एकमेकींस झाकतात, बाकी शून्य दिसते, आणि हिशेब तरीही खोटा असतो. भूकंपाची वेळ अर्धा सेकंद अलीकडची धरली आणि खोली काही किलोमीटर वाढविली, तर दूरच्या सर्व स्थानकांवर बाकी जवळजवळ तशीच राहते. आराखडा चुकला असेल तर ती चूक कागदावर दिसत नाही. ती उत्तरात जाऊन बसते.

खोलीचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. वाचकांनी पुढील आकडे पाहावेत. त्यांत सर्व मर्म आहे. २२० किलोमीटरांवरील स्थानक घ्या. भूकंप ५ किलोमीटर खोल असो की १५ किलोमीटर खोल, तेथपर्यंतची तिरकी वाट सरळ धरिली तर फक्त अर्धा किलोमीटर कमीजास्त होते. वेळेत फरक सेकंदाच्या बाराव्या-तेराव्या हिश्शाचा. इतका फरक तर आराखड्याच्या चुकीतच बुडून जातो. आता तेच स्थानक भूकंपाच्या डोक्यापासून ५ किलोमीटरांवर आहे असे समजा. ५ किलोमीटर खोलीस वाट ७ किलोमीटरांची, १५ खोलीस जवळजवळ १६ किलोमीटरांची. वेळेत फरक दीड सेकंदाचा. तो कोणाही जाणत्या माणसास रेघेवर स्पष्ट दिसेल. तात्पर्य, विहिरीचा तळ पाहावयाचा तर काठावरच यावे लागते; पलीकडच्या गावातून ती किती खोल हे कळत नाही. भूकंपाच्या खोलीइतक्याच अंतरावर निदान एक यंत्र असेल तरच खोली भरवशाची निघते.

१९९३ च्या मुख्य धक्क्याच्या वेळी असे यंत्र नव्हते. म्हणून काय झाले? अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जगभरच्या स्थानकांवरून जे अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या नेमके वरचे भूपृष्ठावरील ठिकाण, नोंदविले, ते रेखांश ७६.४५ च्या जवळ पडते. परंतु जमीन प्रत्यक्ष फाटून वर उचलली गेल्याची जी खूण शास्त्रज्ञांस शेतात सापडली, ती किल्लारीजवळ, म्हणजे त्याच्या पूर्वेस सुमारे दहा-बारा किलोमीटरांवर. ह्यात कोणाची हयगय नव्हती. जगभरच्या स्थानकांचा हिशेब सर्व पृथ्वीच्या सरासरी कोष्टकावर चाले. हेरॉल्ड जेफ्रीज व कीथ बुलेन ह्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेली प्रवासकालाची कोष्टके त्यानंतर कित्येक दशके जगभर वापरात होती. ती कोष्टके अप्रतिम खरी, परंतु सरासरीची. सर्व हिंदुस्थानची सरासरी पर्जन्यमानाची संख्या घेऊन परांड्याच्या शेतकऱ्याने ज्वारी केव्हा पेरावी हे ठरविले तर जे होईल, तेच येथे झाले.

आता तो प्रश्न, ज्यासाठी हा लेख लिहिला. किल्लारीच्या पश्चिमेस, तेरणेच्याच वरच्या अंगास, आपल्या जिल्ह्यात माकणी येथे निम्न तेरणा धरण आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप लोकांच्या स्मरणात होता, आणि जलाशयाच्या भाराने व झिरपणाऱ्या पाण्याने भूकंप जागा होऊ शकतो हे कोयनेवरून जगाने मानलेले होते. तेव्हा माकणीच्या धरणाने हा संहार केला काय, अशी शंका उठल्यास नवल नव्हते. अपिकेंद्र पश्चिमेस सरकविले तर ते तलावाकडे जाते. पूर्वेस किल्लारीपाशी ठेविले तर तलावापासून लांब पडते. खोली अधिक मानली तर पाण्याचा प्रभाव तेथवर पोहोचणे कठीण. उथळ मानली तर तितके कठीण नाही. म्हणजे ज्या धरणावर ह्या खोऱ्यातील शेते अवलंबून, त्याच्या माथी दोष येणार की नाही, हे अंशतः दोन आकड्यांवर होते, आणि ते दोन्ही आकडे वेगाच्या आराखड्यावर.

पुढे जे झाले ते शास्त्राच्या दृष्टीने समाधानाचे. मुख्य धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबादच्या संस्थेने, भारतीय हवामान खात्याने, तसेच जर्मन व अमेरिकन पथकांनी त्या भागात फिरती यंत्रे आणून बसविली. मागाहून येणाऱ्या लहान धक्क्यांची ठिकाणे ह्या जवळच्या यंत्रांनी बारकाईने टिपली, कारण आता यंत्रे विहिरीच्या काठावर होती. हे धक्के किल्लारीभोवतीच, कवचाच्या वरच्या भागात दाटलेले आढळले. मुख्य धक्क्याच्या वेळी जवळ यंत्र नव्हते हे खरे, परंतु त्याच्या लाटांच्या दूरवरच्या नोंदींचा आकार तपासूनही खोली काढता येते, कारण नाभीतून वर जाऊन भूपृष्ठावर आपटून परतलेली लाट किती मागून येते हे खोलीवर अवलंबून असते. त्या रीतीनेही नाभी फार उथळ, अवघ्या काही किलोमीटरांवरची निघाली. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या आणि नैर्ऋत्येकडे कललेल्या भेगेवर खडक एकावर एक चढला, आणि ती चढण भूपृष्ठापर्यंत आली. मध्यम तीव्रतेचा हा भूकंप घरांच्या पायाशीच झाल्यासारखा होता. त्याचा जोर वाटेत विरावयास अवकाशच मिळाला नाही.

धरणाविषयी म्हणाल, तर शास्त्रज्ञांत एकमत झाले नाही. उथळ नाभी पाहून काहींनी पाण्याचा हात असणे शक्य मानले. इतरांनी तलाव लहान व अंतर अधिक म्हणून ते नाकारले. आमचे मत विचाराल तर, भेग आधीपासून तेथे होती आणि तिच्यातील ताण फार जुना होता, ही गोष्ट दोन्ही पक्ष मान्य करितात. वाद आहे तो शेवटच्या धक्क्याचा. पण १९९२ साली पहिले हादरे बसू लागले तेव्हाच जर चार यंत्रे तेरणाकाठी बसविली असती, तर त्या लहान धक्क्यांची ठिकाणे व खोली नेमकी निघाली असती, आणि तलाव भरताना व उतरताना ती कशी बदलतात हेही दिसले असते. तो वादच मग एवढा राहता ना. गेलेली वेळ मात्र कोणत्याही गणिताने परत येत नाही.

वेगाचा आराखडा मुळात तयार होतो तरी कसा, असे कोणी विचारील. त्याची एक रीत लेखाच्या आरंभी सांगितलेल्या सुरुंगाचीच. जागा व वेळ पक्की ठाऊक असलेला स्फोट करावयाचा, आणि एका लांब रेषेवर शेकडो ठिकाणी तो केव्हा पोहोचला हे टिपावयाचे. ठिकाण ठाऊक असल्यामुळे वेग काढता येतो. भूकंपात नेमके ह्याच्या उलट करावयाचे असते. हैदराबादच्या संस्थेने कोयना भागात अशा दोन लांब रेषा घेतल्या, एक गुहागरपासून चोरोचीपर्यंत आणि दुसरी केळशीपासून लोणीपर्यंत. ट्रॅपची जाडी, त्याखालच्या खडकातील वेग आणि कवचाची खोली ह्यांविषयी पश्चिम महाराष्ट्राचे पुष्कळसे ज्ञान ह्या रेषांवरून मिळाले. परंतु त्या आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस पडतात. बालाघाटच्या डोंगरओळीखाली व तेरणेच्या खोऱ्याखाली आकडे तेच असतील असे समजून चालणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीचे थर पाहून आपल्या विहिरीचा ठेका देण्यासारखे आहे.

दुसरी रीत अशी की, एकाच भागात अनेक लहान धक्के अनेक यंत्रांवर टिपले गेले म्हणजे धक्क्यांची ठिकाणे व खडकातील वेग ही दोन्ही एकत्रच अज्ञात धरून गणित मांडावयाचे. एका धक्क्यावरून हे साधत नाही. शेकडो धक्क्यांवरून साधते, कारण प्रत्येक लाट निराळ्या वाटेने येते आणि त्या वाटांच्या जाळ्यातून मंद व वेगवान खडकांचे चित्र उमटते. शिवाय, शेजारशेजारच्या दोन धक्क्यांच्या वेळांतील फरकच तेवढा घेतला, तर दोहोंची बहुतेक वाट एकच असल्यामुळे वाटेतील चूक आपोआप वजा होते. ह्या युक्तीने दोन धक्क्यांचे परस्परांपासूनचे अंतर पुष्कळ अधिक बारकाईने निघते. परंतु ह्या साऱ्यास जवळची यंत्रे लागतात, आणि ती भूकंप झाल्यावर नव्हे, आधी बसलेली असावी लागतात.

हल्ली धक्का बसला की काही मिनिटांतच राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद हातातल्या फोनवर येते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले, तेव्हाही ती आली. अशा नोंदीत खोलीच्या रकान्यात पुष्कळदा १० किलोमीटर हा गोल आकडा असतो. त्याचा अर्थ वाचकांनी समजून घ्यावा: जवळची यंत्रे अपुरी असून खोली निघत नसेल, तर जगभरच्या केंद्रांची रीत अशी की, एक सोयीचा आकडा धरून ठेवावा आणि फक्त ठिकाण काढावे. तो मोजलेला आकडा असेलच असे नाही. ठिकाणही पहिल्या तासात एक आणि दुसऱ्या दिवशी पाच-सात किलोमीटरांनी दुसरे लिहिले गेले, तर त्यात लपवाछपवी आहे अशी आवई उठवू नये. आणखी स्थानकांच्या नोंदी आल्या म्हणजे बाक्या नव्याने जुळवाव्या लागतात, इतकेच.

आपल्याकडे मोठा आवाज झाला की भूकंप झाला असे म्हणण्याची चाल पडली आहे. तो आवाज विमानाचा, दगडखाणीच्या सुरुंगाचा की जमिनीचा, हे ओळखावयाचे असेल तर घाबरून धावण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात धरावी. आधी भांड्यांची बारीक किणकिण किंवा जमिनीची घरघर आणि मग जोराचा आडवा हेलकावा, असा क्रम असेल तर त्या दोन्ही लाटा आहेत. प्रथम घराबाहेर मोकळ्या जागी यावे. पण मनातल्या मनात मधले सेकंद मोजता आले तर मोजावेत आणि आठाने गुणावेत. तीन सेकंद भरले तर भूकंप सुमारे पंचवीस किलोमीटरांवर. एकही सेकंद भरला नाही तर तो आपल्याच शिवाराखाली आहे. घड्याळाची वेळ, गावाचे नाव, मोजलेले सेकंद, भिंतीस कोणत्या बाजूस तडा गेला, विहिरीचे पाणी गढूळ झाले की कमीजास्त झाले, एवढे एका कागदावर लिहून तहसील कचेरीत द्यावे.